मधल्या उताराचा माणूस

माझ्या आतेभावानं आजवर कुठलीच गोष्ट पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद केलेली नाही. दिवा असो, पंखा असो, भांडण असो की लग्नाचा होकार असो, हा माणूस मधेच कुठंतरी थांबतो आणि तिथंच सुखानं राहतो. आदिलाबादेतल्या त्याच्या घरात भिंतीवर एक साधं बटण सापडलं तर मी माझी मिशी उतरवीन. तुमच्याआमच्या घरी जिथं बटण असतं तिथं त्याच्याकडे गोल घुंडी असते. बैठकीतल्या दिव्याला घुंडी, मोरीतल्या दिव्याला घुंडी, मिक्सरला कंपनीची घुंडी असताना वरून याची आणखी एक. पंखा इतका सावकाश फिरायचा की त्यावर बसलेली माशीसुद्धा उडायची तसदी घेत नसे. "बटन म्हणजे हुकूम आहे," तो म्हणायचा, "अन् घुंडी म्हणजे विचार." मी पडलो गुडीहत्नूरच्या मंडल कचेरीतला कारकून. आमच्याकडे कागद एक तर दाखल असतो नाहीतर फैसल, मधे काही नसतं. असल्या विचारवंताशी माझं पटायचं काही कारणच नव्हतं. पण त्याची आई ही माझी सख्खी आत्या, आणि तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत यांच्यापुढं माझं कधी चाललं नाही. मी दर रविवारी त्या घरी जायचो आणि भरल्या पोटी, तापल्या डोक्यानं परत यायचो.

दारावरच्या घंटीलासुद्धा त्यानं घुंडी बसवली होती. येणाऱ्यानं आपल्या कामाची निकड ओळखावी आणि तेवढीच ती फिरवावी, अशी त्यामागची थोर कल्पना. दूधवाला तेलुगू. तो त्या घुंडीकडे एकदा बघायचा आणि "पालू!" अशी आरोळी ठोकायचा, की दूध न घेणारी घरंही भांडी घेऊन बाहेर यायची. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी गेलो. काम काही निकडीचं नव्हतं, म्हणून प्रामाणिकपणे घुंडी थोडीशीच फिरवली. कुणी आलं नाही. आणखी थोडी फिरवली. आत कुठंतरी डास गुणगुणल्यासारखं झालं आणि थांबलं. शेवटी उन्हानं टाळकं तापलं तेव्हा मी ती पार टोकाला नेली. हा अनवाणी धावत आला, चेहरा पांढराफटक. "कोण गेलं बे?" "मीच जात होतो," मी म्हटलं, "तुझ्या दारात." त्यावर त्यानं घुंडी तपासली आणि सुरुवातीला मी ती फारच कमी फिरवली होती असा माझ्यावरच ठपका ठेवला.

बोलणंही तसंच, आवाज कायम अर्ध्यावर. ओठ हलताना दिसायचे, अर्थ मात्र समोरच्यानं पुढं वाकून गोळा करायचा. तो इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. तिथं पहिल्या बाकावरच्या मुलांना तो ऐकू येतो, मागच्यांना फक्त दिसतो. पोरं त्याला 'ओकटिन्नर सार' म्हणतात. तेलुगूत ओकटिन्नर म्हणजे दीड. बस स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही दोघं बसलो की तो दोघांत दीड चहा मागायचा. हॉटेलवाला कावून म्हणायचा, "साब, एक बोलो नैतो दो बोलो. डेढ का गिलास कां से लाऊं मैं?" गल्लीतले लोक तर त्याला सरळ तोंडावर दीडशहाणा म्हणत. दुसऱ्या कुणाला हे झोंबलं असतं. हा शांतपणे म्हणाला, "मोजमाप बरोबर आहे."

त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही वांकिडीला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीच्या वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "मंग, पोरगी पसंत आहे का?" आमचा नवरदेव छताकडे बघत पुटपुटला, "पसंती वाढून राह्यली. अजून वरतं टेकली नाही." सगळी बैठक खाली बघायला लागली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आतून ती मुलगीच बाहेर आली. रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करता करता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माही पसंती पुरी आहे. ह्यायची जेवढी कमी पडते तेवढी मी घेईन भरून." हीच आमची वहिनी. त्या घरात एखादी गोष्ट शेवटास गेली असेल तर ती तिच्यामुळं.

आता हे मधलंमधलं आलं कुठून ते सांगतो. त्याचं संशोधन फिल्टरवर आहे. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी, असं त्यानं कित्येक रविवार खर्ची घालून मला समजावलं. जाड आवाज जाऊ द्यायचा, बारीक अडवायचा, किंवा उलट. पण ही चाळणी आवाज एकदम तोडत नाही, उतारानं कमी करत नेते. पहिल्या दर्जाच्या फिल्टरचा उतार सौम्य, शेताच्या बांधावरून खाली आल्यासारखा. दुसऱ्या दर्जाचा खडा, निर्मलच्या घाटासारखा. जगातले शहाणे इंजिनीअर एक घेतात नाहीतर दोन घेतात आणि घरी जाऊन जेवतात. आमच्या महात्म्याला हवा होता दीड. कधी सव्वा, कधी पावणेदोन. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं. हे सगळं तिळाएवढ्या चिपमध्ये मावलं पाहिजे. चिप एकदा कारखान्यातून आली की आत बोट घालायला जागा नाही, स्क्रू नाही, काही नाही. मग बाहेरून तिला दिलेली वीज किंचित कमीजास्त करायची आणि तेवढ्यानं आतला उतार बदलायचा. बाहेर एक घुंडी, आत सगळे उतार. हे सांगताना त्याचा आवाज चुकून पाऊणपर्यंत चढायचा.

यासाठी त्याला एक अशी वस्तू हवी होती, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. आमच्या बाजारातल्या रेडिओवाल्याकडे जाऊन त्यानं अर्धा कपॅसिटर मागितला. तो म्हणाला, "तोडून देऊ का?" यानं समजावलं: रेझिस्टर वीज अडवते, कपॅसिटर साठवते, मले थोडं अडवणारं अन् थोडं साठवणारं पाहिजे. दुकानदारानं विचार केला. "सर, असा तर माया जावई आहे. घेऊन जा." शेवटी यानं स्वतःच कागदावर एक मंडळी जमवली. पाचसहा साधे भाग असे जोडले की सगळ्यांनी मिळून त्या न मिळणाऱ्या वस्तूचं सोंग घ्यावं. हैदराबादेतल्या त्याच्या गुरूंनी ते पाहून मान डोलावली म्हणतात. आमच्या घरात मात्र त्यावर पहिला प्रश्न आत्यानं विचारला: "याचं करायचं काय?"

उत्तर पुढं आत्याच्याच कानात सापडलं. आत्याचं सगळं पुरेपूर. तरुणपणी ती इंद्रवेल्लीकडे कापूस वेचायला जायची, तेव्हा या धुऱ्यावरच्या, म्हणजे या बांधावरच्या, बाईला त्या धुऱ्यावर निरोप द्यायचा तर आत्याला सांगत. जयंतीला विहारात गाणी तीच उचलायची. माईक समोर आणला की ती तो बाजूला सारायची, लोकांचे कान खराब होतील म्हणून. आणि भांडण! भिंतीपलीकडे एक तेलुगू अक्का राहते. तिच्या शेवग्याचा पाला आमच्या अंगणात पडायचा. यावरून आत्या मराठीत आणि अक्का तेलुगूत अशा काही भांडायच्या, की मधे दुभाषा ठेवला असता तर तो पळून गेला असता. दोघींना एकमेकींचं अक्षर न् अक्षर समजायचं. संध्याकाळी त्याच शेवग्याच्या शेंगा भिंतीवरून इकडे यायच्या आणि भाकरी तिकडे जायची.

मग हळूहळू तिचे कान गेले. आम्हाला ते लवकर कळलंच नाही, कारण आत्या तक्रार करेना. काहीही बोला, ती हसून मान हलवायची. पाला पडला तरी हसायची. शेवटी ती अक्काच एक दिवस दारात येऊन रडवेली झाली. "अम्मा मेरे से नाराज है क्या? कुछ बोलतीच नै." विहारात आत्या मागच्या रांगेत बसायला लागली आणि इतरांचे हात पाहून टाळ्या वाजवायची, थोड्या उशिरा. कानाची मशीन विकत आणली, ती तिनं दोन दिवसांत ज्वारीच्या कोठीत टाकून दिली. "मशीन लावली का भांडे बोंबलतेत," ती म्हणाली, "अन् माणसं मुके होतेत." ते वाक्य ऐकलं आणि माझा आतेभाऊ जागचा उठला. डॉक्टरांनी काढलेला तिच्या कानाचा आलेख घेऊन आला आणि माझ्यापुढं धरला. "हा उतार पाह्य. एकही नाही अन् दोनही नाही. आईचा कान मधल्या उतारानं पडला." "मग?" "मंग मधल्याच उतारानं वर काढा लागन." आई आहे तोवर तिला माणसाचा आवाज परत ऐकवायचा, एवढं एकच त्यानं धरलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं एखादी गोष्ट पुरी धरलेली मी पाहिली आणि मला त्याचा राग करणं जड जायला लागलं.

किती वर्षं गेली विचारू नका. नकाशा झाला, संगणकावर तपासला, पुन्हा केला. चिप बनायला परदेशी गेली, तेव्हा पोरगी सासरी पाठवल्यासारखा हा घरात फिरत होता. ती परत आली ती खरंच तिळाएवढी. पण तिच्याभोवतीच्या वायरी आणि इतर लवाजमा धरून डबा झाला जेवणाच्या डब्याएवढा. त्यातून एक वायर निघून आत्याच्या कानात. डबा टेबलावर, वीज भिंतीतून, घुंडी याच्या हातात. दर रविवारी जेवण झालं की आत्याला खुर्चीवर बसवायचं आणि हा तिच्या पुढ्यात. घुंडी जराशी फिरवायची आणि विचारायचं, "आता?"

"हाव, मस्त."

"आता?"

"लय मस्त."

"अन् आता?"

"याच्याहून मस्त काही असते का?"

त्या त्या जागा हा मोठ्या भक्तिभावानं धरून ठेवायचा आणि त्यावर पुढचे हिशेब करायचा. पण सोमवारी, वायर कानात आणि घुंडी त्याच जागी असतानाही, वहिनीनं हाक मारली की आत्या वळून बघायची नाही. चिप ठीक, कान आलेखाप्रमाणे, आई म्हणते मस्त, मग ऐकू का येत नाही? हा सुकत चालला. आपला सगळा सिद्धांतच चुकला, चिप मोडीत काढायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, इथवर गोष्ट आली. "तेवढा वेळ आईपाशी आहे का पण?" तो मला म्हणाला.

त्या रविवारी मी नेहमीसारखा भरीत खाऊन खाटेवर आडवा झालो होतो. यांचं चालू होतं. आता? मस्त. आता? मस्त. मला गरम व्हायला लागलं. मी डोळे उघडले. पंखा थांबला होता. आमच्याकडे वीज जाणं काही नवं नाही, आणि त्याचा पंखा इतका मंद की तो फिरतोय की थांबलाय हे बघायला लक्ष लागतं. मी डब्याकडे पाहिलं. त्यावरचा लाल दिवा विझलेला. माझा आतेभाऊ मात्र आईच्या तोंडाकडे एकटक बघत घुंडी फिरवत होता. "आई, आता?"

"आता तं लयच मस्त!" आत्या म्हणाली.

मी पंख्याकडे बोट दाखवलं. त्यानं वर पाहिलं, मग डब्याकडे, मग आईकडे. घुंडीवरचा त्याचा हात तसाच राहिला. आत्यानंही वर पाहिलं आणि तिला कळलं. चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखी ती पदराशी चाळा करायला लागली. हा तिच्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या जोरात म्हणाला, "आई, तुले एवढ्या दिवसांत कधी ऐकू आलं का?" तिनं त्याच्या ओठांवरून ओळखलं. "तू माया पायी एवढा मरमर करून राह्यला," ती म्हणाली, "तुले नाही कशी म्हणू रे बाबू? तुया भिवया वरतं गेल्या का मी मस्त म्हणत जाओ." सगळे हिशेब तिच्या होकारावर आणि तिचे सगळे होकार याच्या भिवयांवर! मला हसू आवरेना आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. उभ्या जन्मात हो किंवा नाही स्पष्ट न म्हणणारा हा माणूस आईच्या एका साध्या 'नाही'साठी अडून बसला होता.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं हात पुसले, पुढं आली आणि नवऱ्याच्या पुढ्यातला डबा ओढून घेतला. "घुंडी तिच्या हातात द्या अन् तुमी घराबाहेर निघा," ती म्हणाली. "तुमचं तोंड दिसते तोवर ते मस्तच म्हणन. भाऊजी, ह्यायले घेऊन जा." वीज आली तशी तिनं आम्हाला अक्षरशः बाहेर काढून दार लावलं. आम्ही दोघं अंगणात शेवग्याच्या सावलीत उभे राहिलो. आतून आवाज नाही. हा नखं खात होता. मी म्हटलं, चल, दीड चहा घेऊ. तो जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून अक्का नेहमीसारखी कुठल्याशा पोरावर तेलुगूत डाफरली. आणि आमच्या बंद दारातून आत्याचा आवाज आला, अगदी जुना, धुऱ्यावरून धुऱ्यावर जाणारा. "पोराले काय बोलते वं? पाला तुया झाडाचा अन् झाडून झाडून माही सून मरून राह्यली!" मग अक्का आनंदानं किंचाळली आणि उलट सुरू झाली. तिनं एक म्हटलं की आत्या बरोबर त्यालाच उत्तर देत होती. माझ्या आतेभावानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी कचेरीत सही करताना दुखत होता. "भांडून राह्यली!" तो म्हणाला. "अबे, आई भांडून राह्यली!" दार ढकलून तो आत धावला. "आई, कसं ऐकू येते?" आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "बेकार. लय खरखर करते तुही मशीन." त्या 'बेकार'वर हा माणूस नाचला. मी पाहिलंय, म्हणून सांगतो. नाचही अर्धाच, एकच पाय उचलून, पण नाचला.

त्यानंतर त्यानं डब्याला बॅटरी लावली आणि आत्या तो कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवून हिंडायची, बसच्या कंडक्टरणीसारखी. जयंतीला विहारात पहिल्या रांगेत बसली आणि पहिल्याच गाण्यात तरण्या पोरींना थांबवून चाल चुकली म्हणून सांगितलं, आणि पुढं स्वतःच उचललं. आवाज थकला होता, पण अख्खा होता. एकाच गोष्टीवरून मायलेकाची कुरबूर चालायची. आत्या घुंडी एका ठरावीक जागी ठेवायची, आणि याच्या हिशेबानं माणसाचं बोलणं त्याहून वर साफ यायला हवं होतं. हा तिच्या नकळत ती वर सरकवायचा, ती गुपचूप परत खाली आणायची. "तुले काय समजते?" म्हणायची. आता तिला कुणाला काही मस्त म्हणायची गरज उरली नव्हती.

आत्या गेल्या हिवाळ्यात गेली. अक्का तेरवीपर्यंत आमच्याच अंगणात बसून होती. पालाही तीच झाडायची. मी अजून रविवारी जातो. भरीत वहिनी करते, चांगलं करते, मी मुकाट्यानं खातो. परवा जेवण झाल्यावर माझा आतेभाऊ तो डबा घेऊन आला. बॅटरी काढून ठेवलेली होती, म्हणून वायर भिंतीत खोचली. घरातल्या सगळ्या घुंड्या दिवसातून दहादा फिरवणारा हा माणूस, पण आईनं ठेवलेल्या जागेवरून ही त्यानं तसूभर हलवली नव्हती. "इथं काऊन ठेवत होती ती?" तो म्हणाला, म्हणजे मी पुढं वाकून तेवढं गोळा केलं. "मले अजून उलगडा नाही झाला. तू ऐकून पाह्य जरा."

मी ती वायर कानात घातली. भिंतीपलीकडे अक्का बोलत होती, ती पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. वहिनीची भांडी लांब कुठंतरी. सगळीकडे खरखर, आत्या म्हणायची तशीच. मी म्हणणार होतो, काही खास नाही. तेवढ्यात तो नेहमीच्या अर्ध्या आवाजात पुटपुटला, "ऐकू येऊन राह्यलं का रे?" आणि ते माझ्या कानात असं साफ आलं, की मी दचकलो. अक्षर न् अक्षर. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं बोलणं पुढं न वाकता ऐकू आलं. तिला गाणी पाठ होती, भांडण खरखरीतही चाललं असतं. तिनं ती घुंडी या पुटपुट्यावर लावून ठेवली होती.

"अबे, तुझ्या आवाजावर ठेवली होती तिनं," मी म्हटलं.

त्याच्या भिवया हळूहळू वर गेल्या. "खरं सांगून राह्यला?" त्यानं विचारलं. "का तूही आपलं मस्त म्हणून राह्यला?"

मी वर बोट दाखवलं. पंखा फिरत होता.